हरलेली गोळी

माझ्या नवऱ्याचं म्हणणं असं, की मी देवळातला प्रसादसुद्धा उलटून बघून तोंडात टाकते. ते काही अगदीच खोटं नाही. वाळूजच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. बाहेरून आलेला माल आत घ्यायचा की परत पाठवायचा, हे बघायचं माझं काम. मालाबरोबर कागद येतो, कागदावर सगळं कसं सोन्यासारखं लिहिलेलं असतं, आणि पेटी फोडली की आतल्या निम्म्या पिना वाकड्या निघतात. इतकी वर्षं हेच बघितल्यावर कागदावरचा विश्वास उडतो, आणि हळूहळू कागद देणाऱ्यावरचाही. दूधवाला, गॅसवाला, मुलाच्या क्लासचे सर, माझ्या तडाख्यातून कुणी सुटलेलं नाही. तेव्हा आत्यांच्या आजारपणात हॉस्पिटलवाल्यांचं माझ्याशी कसं जमलं असेल ते वेगळं सांगायला नको.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्यात सासूला आत्याच म्हणतात. त्यांचं निम्मं आयुष्य पाचोडच्या बाजूला मेंढरांमागं गेलं. सासरे गेल्यावर मेंढरं विकली, होती तेवढी जमीन दिराकडं राहिली, आणि आत्या आमच्याकडं बजाजनगरला दोन खोल्यांत राहायला आल्या. शहर त्यांना कधी मानवलं नाही. नळाला पाणी आलं की त्या आधी थोडं सांडून देत, ओंजळीत घेऊन वास घेत, मग हंडा लावत. संशयी म्हणून नाव माझं झालं, पण खरं बघितलं तर त्या माझ्याही वरचढ होत्या. फरक एवढाच, की मी बोलून मोकळी होते आणि त्या पोटात ठेवत.

खोकला लागला तेव्हा आम्ही तो धुळीचा धरला. बजाजनगरात धूळ कमी आहे का? मग चालताना दम लागायला लागला, छातीत पाणी झालं, ते काढून तपासायला पाठवलं, आणि फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. बिडी-तंबाखूला जन्मात हात न लावलेली बाई. कमरेच्या चंचीत सुपारी आणि लवंगा, बाकी व्यसन नाही. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की रिपोर्ट बदलला. मी दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा तपासून घेतला. तिथंही तेच निघालं.

नशीब एवढंच, की त्यांच्या आजारात एक असा दोष सापडला ज्यावर रोज एक गोळी घेऊन भागतं. केमो नाही, काही नाही. ती गोळी सुरू झाली आणि आत्या उठून बसल्या. खोकला गेला, भाकरी खायला लागल्या, संध्याकाळी शेजारच्या बायकांत ओट्यावर जाऊन बसायला लागल्या. त्रास म्हणाल तर कातडीचा. तोंडावर पुटकुळ्या, बोटांच्या टोकांना भेगा, नखांच्या कडा पिकलेल्या. मी रोज रात्री त्यांच्या बोटांना खोबरेल तेल लावायची. ‘‘गोळी लई तिखट हाय,’’ त्या म्हणायच्या, ‘‘पर रोगालाबी तिखट लागत आसंल.’’

वर्षभरापेक्षा थोडं जास्तच बरं गेलं. मग पुन्हा खोकला सुरू झाला. स्कॅन काढला. डॉक्टर मॅडमनी तो खिडकीकडं धरून बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, ‘‘आजार या गोळीला सरावलाय. आता गोळी एकटी पुरी पडत नाही.’’

या डॉक्टर चाळिशीच्या, बारीक, कमी बोलणाऱ्या. कमी बोलणारा माणूस काहीतरी लपवतोय, असं माझं पहिल्यापासूनचं मत. त्यांनी आमच्यापुढं दोन वाटा ठेवल्या. एक म्हणजे नेहमीची केमो. दुसरी म्हणजे त्यांच्याकडं एक चाचणी चालू होती, ज्यांची गोळी चालेनाशी झालीय अशांसाठी. जुनी गोळी तशीच रोज चालू ठेवायची आणि जोडीला एक नवं औषध, दर काही आठवड्यांनी सलाइनमधून. दोन्ही मिळून आजाराला आवरतात का ते बघायचं.

‘‘बघायचं म्हणजे?’’ मी विचारलं. ‘‘तुम्हाला माहीत नाही?’’

‘‘पूर्ण माहीत नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘काही जणांना चांगला उपयोग झालाय, काहींना नाही. माहीत असतं तर चाचणी कशाला घेतली असती?’’

माझ्या कंपनीत एखादा पुरवठादार इतक्या सहज खरं बोलला की मी त्याची पेटी दोनदा तपासते. मी आणखी विचारलं. औषध फुकट का? यात तुमचा फायदा काय? मधेच सोडलं तर चालेल का? काही झालं तर जबाबदार कोण? त्यांनी सगळ्याची उत्तरं दिली. जुनी गोळी का चालू ठेवायची तेही त्यांनी सांगितलं, मला वाटतं, कारण पुढं त्या तसं म्हणाल्या. पण मला त्यातलं एक अक्षर आठवत नाही. मी त्यांच्या चेहऱ्यावर खोटं कुठं दिसतं ते शोधत होते. आत्या शेजारच्या खुर्चीत पदर सावरून बसल्या होत्या आणि डॉक्टरांच्या टेबलावरच्या फुप्फुसाच्या प्लास्टिकच्या मॉडेलकडं बघत होत्या.

घरी आल्यावर नवऱ्यानं एका शब्दात निकाल लावला. ‘‘हे लिंकिंग दिसतंय.’’

ज्यांची शेती आहे त्यांना हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. पेरणीच्या दिवसांत युरिया आणायला गेलं, की खताचा दुकानदार सोबत एक न खपलेली बाटली गळ्यात मारतो. नुसता युरिया मिळत नाही, बाटलीही घ्यावी लागते. तिचा पिकाला काही उपयोग नसतो. माझा दीर दर वर्षी त्या बाटल्या गोठ्याच्या फळीवर ओळीनं मांडून ठेवतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला शिव्या देऊन दाखवतो.

‘‘नवं औषध खरं असंल,’’ नवरा म्हणाला, ‘‘पण ही जुनी गोळी मंग कशाला? जी हरली तीच परत?’’

मला हे पटलं. खरं तर इतकं पटलं, की असं आपल्याला आधी कसं सुचलं नाही याचंच वाईट वाटलं. आत्या खाली बसून मटकीतले खडे काढत होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘करा काय करायचं ते. बसून मरण्यापरीस बघून मेलेलं बरं.’’ आणि आम्ही हो म्हणायचं ठरवलं. संशय होता, पण केमोची भीती संशयापेक्षा मोठी होती.

आत्यांना लिहिता येत नाही, म्हणून त्यांची संमती व्हिडिओवर घेतली. डॉक्टर समोर बसून एकेक गोष्ट सांगत होत्या, शेजारी बाहेरचा एक साक्षीदार. आत्या नवं लुगडं नेसून, केस चापून बसवून गेल्या होत्या. प्रत्येक वाक्याला त्या मान हलवून ‘‘व्हय, कळलं’’ म्हणत होत्या. शेवटी अंगठा उठवला. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, ‘‘फोटू नीट आला आसंल का गं?’’

आणि मग माझी तपासणी सुरू झाली. गोळ्यांची बाटली हातात आली की मी झाकणाचं सील बघायची, तारीख बघायची, बाटलीवरचा नंबर आणि खोक्यावरचा नंबर जुळवायची. सलाइनच्या पिशवीचा फोटो काढायची. नर्स मला बघितलं की एकमेकींना कोपर मारायच्या. दर भेटीला रिकामी बाटली आणि उरलेल्या गोळ्या परत न्यायच्या असत. रिकाम्या बाटल्यांचं यांना काय काम, यावर मी आणि नवऱ्यानं कितीदा तरी डोकं लढवलं. रोज गोळी खाल्ली जाते की नाही हे बघायला, असं तिथल्या मुलीनं सांगितलं होतं. म्हणजे आमच्यावर संशय! मी चांगलीच भडकले. ‘‘आम्ही काय लहान लेकरं आहोत का?’’ मी तिला म्हणाले. ती बिचारी गोळ्या मोजत राहिली.

सकाळची गोळी आत्या स्वतः घ्यायच्या. माझी पहिली पाळी, कंपनीची बस उजाडायच्या आत येते. नवऱ्याची पाळी बदलती. मी चहाच्या सुट्टीत फोन करायची. ‘‘गोळी झाली का?’’ ‘‘व्हय गं बाई, झाली.’’ बाटलीतल्या गोळ्या बरोबर उतरत होत्या. मी ते बघत होते.

दोन-तीन सलाइनं झाली असतील. एका संध्याकाळी शेजारीण दारात उभी राहून म्हणाली, ‘‘आत्या, तुमी तर उजळल्या की!’’ मी बघितलं. खरंच, तोंडावरच्या पुटकुळ्या गेल्या होत्या. रात्री तेल लावायला बोटं हातात घेतली तर भेगा भरून आलेल्या, नखांच्या कडा साफ. सगळ्यांना आनंद झाला. नवरा म्हणाला, नव्या औषधाचा गुण आला. मी मात्र त्या रात्री जागी राहिले.

आमच्याकडं साचा वापरून वापरून झिजतो. झिजला की मापं थोडी थोडी सरकणार, हे ठरलेलं. ज्या पाळीत सगळी मापं एकसारखी, सुंदर लिहून येतात, त्या पाळीत कुणीतरी न मोजता लिहिलेलं असतं. त्रास व्हायला पाहिजे तिथं त्रास नाही, म्हणजे काहीतरी गडबड आहे. वर्षभर ज्या गोळीनं बोटं फोडली ती आता मुकाट कशी? आणि माझ्या मनात लख्ख उजेड पडला. गोळ्याच खोट्या! बाटली खरी, नंबर खरा, आत पीठ. चाचणीच्या नावाखाली नुसती सलाइनं देऊन बघतायत आणि आमच्या हातात खडू ठेवतायत.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, तू जरा अतीच करतेस. पण त्याच्या आवाजात दम नव्हता, त्यालाही तसं वाटायला लागलं होतं. आत्यांना मुद्दाम काही सांगितलं नाही. त्या भिंतीकडं तोंड करून झोपल्या होत्या, म्हणजे मला तसं वाटलं.

स्कॅनचा दिवस आला. नगर नाक्याला रिक्षा अडकली, तेवढा वेळ मी मनातल्या मनात भांडणाची तयारी करत होते. डॉक्टरांनी स्कॅन बघितला, आधीचा शेजारी लावला, आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘‘गाठ वाढलीय. मला वाटलं होतं तसं झालं नाही. दोन्ही औषधं मिळूनसुद्धा हा आजार ऐकत नाहीये.’’

मी उभी राहिले. तोंडाला आलं ते सगळं बोलले. कातडी साफ कशी झाली ते दाखवलं, आत्यांचा हात धरून डॉक्टरांच्या पुढं केला. ‘‘ही गोळी खोटी आहे,’’ मी म्हणाले. ‘‘तुम्ही आमच्या म्हातारीवर प्रयोग करताय आणि आम्हाला फसवताय. मी इथून हलणार नाही.’’ बाहेर बाकड्यांवरचे लोक दारातून बघायला लागले.

डॉक्टर चिडल्या नाहीत, आणि त्यामुळं मी आणखी चिडले. त्यांनी आत्यांचा हात आपल्या हातात घेतला, एकेक बोट उलटसुलट करून बघितलं. त्यांच्या कपाळावर आठी आली. ‘‘तुमचं निरीक्षण बरोबर आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. दर वेळी घेतलेलं रक्त आम्ही साठवून ठेवतो. त्यात गोळीचं औषध आहे की नाही ते बघायला पाठवते. आणि तुमच्या बाटलीतल्या गोळ्याही पाठवते.’’

मला जिंकल्यासारखं वाटलं. बसमध्ये, कंपनीत, घरी, जो भेटेल त्याला मी सांगत सुटले की कसं पकडलं. आत्या त्या दिवसांत फारशा बोलल्या नाहीत. भाकरी अर्धी टाकून उठायच्या. मला वाटलं, गाठ वाढल्याचं मनाला लागलं.

पुन्हा बोलावणं आलं तेव्हा नवराही सोबत आला. डॉक्टरांनी दार लावून घेतलं. ‘‘रक्तात गोळीचा मागमूसही नाही,’’ त्या म्हणाल्या.

‘‘मी म्हणलं नव्हतं?’’ मी नवऱ्याकडं बघून जवळजवळ ओरडलेच.

‘‘थांबा. गोळ्या तपासल्या. त्या खऱ्या आहेत. त्याच खेपेतल्या गोळ्या इथले बाकीचे लोक खातायत, त्यांच्या रक्तात औषध सापडतं.’’

पुढचा संशय घ्यायला जागाच सापडेना. आणि तेवढ्यात शेजारून चंचीची नाडी सुटल्याचा आवाज झाला. आत्यांनी चंची मांडीवर घेतली, सुपारीचा कप्पा सोडून आतला कप्पा उघडला, आणि मूठभर गोळ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवल्या. काहींना लवंगेचा चुरा लागला होता.

‘‘गोळ्या बिचाऱ्या खऱ्याच हायती,’’ आत्या म्हणाल्या. ‘‘म्याच खाल्ल्या नाय.’’

नवऱ्यानं विचारलं, ‘‘आई, कामून?’’

‘‘कामून म्हंजी? मेंढराला कधी दोन औषधं येकदम पाजली का म्या? तुज्या बापानं पाजली का? एखांदं मेलं तर कळायचं कसं कोणच्यानं मेलं? उठून उभं ऱ्हायलं तर कळायचं कसं कोणच्यानं उठलं? येक पाजायचं, बघायचं. मंग दुसरं.’’ त्या मुलाकडं बघत नव्हत्या, डॉक्टरांकडं बघत होत्या. ‘‘सलाइन तर तुमी घातल्याबिगर सोडत नाय. मंग म्हणलं, गोळी थांबवावी. तसंबी ती हरलेली. घरात सगळे म्हणत व्हते, बळंच गळ्यात मारलीया. नुसत्या सलाइननं काय व्हतं ते बघावं, आन मंग तुमाला सांगावं.’’

म्हणजे हॉस्पिटलची चाचणी चालू होती आणि तिच्या पोटात आत्यांची वेगळी चाचणी चालू होती. त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला, की हातातली पिशवी मी खाली आपटली. ‘‘अहो आत्या, मी रोज फोन करत होते! रोज!’’ मी म्हणाले, आणि मग मला रडूच कोसळलं. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

डॉक्टरांनी खुर्ची टेबलाच्या या बाजूला आणली आणि त्या आत्यांच्या समोर बसल्या. तुमच्या छातीतल्या आजाराचा बराचसा भाग अजून त्या जुन्या गोळीला भिऊन आहे, असं त्यांनी सांगितलं. थोडा भाग निर्ढावला, त्याला गोळी आवरत नाही. नवं औषध त्या निर्ढावलेल्यांसाठी आहे. पण गोळी बंद केली की जे भिऊन होते तेही मोकाट सुटतात. म्हणून दोन्ही बरोबर द्यायची.

आत्यांनी टेबलावरच्या गोळ्या बोटानं एका बाजूला केल्या. ‘‘म्हंजी येक कुत्रं कळपाच्या म्होरं, आन येक मागं.’’

‘‘तसंच.’’

‘‘आन म्या म्होरलं कुत्रं बांधून ठिवलं.’’

डॉक्टर हो म्हणाल्या नाहीत, पण नाहीही म्हणाल्या नाहीत.

‘‘हे पह्यलं कामून नाय सांगितलं?’’

‘‘सांगितलं होतं, आजी. व्हिडिओतसुद्धा आहे. तुम्ही कळलं म्हणालात.’’

‘‘क्यामेऱ्यापुढं व्हय म्हणायचंच आसतंय, बाई. लगनातबी म्हणलं व्हतं.’’ मग त्यांनी अंगठ्यानं माझ्याकडं खूण केली. ‘‘आन खरं सांगणं तुमी हिला सांगितलं. म्या शेजारी बसले व्हते. तुमी हिच्याकडं बघून बोलत व्हत्या, ही तुमच्याकडं बघून भांडत व्हती. अंगठा मातर माझा घेतला.’’

डॉक्टरांनी मान खाली घातली. मी त्यांच्यावर इतके दिवस नाही नाही ते आरोप केले, तेव्हा त्यांनी एकदाही मान खाली घातली नव्हती.

आता पुढं काय, हा प्रश्न नवऱ्यानं विचारला. आजपासून दोन्ही दिली तर? डॉक्टर म्हणाल्या, नियम असा आहे की गाठ वाढली की चाचणीतून बाहेर, मग कारण काहीही असो. आणि चाचणीच्या बाहेर ते नवं औषध कुठंच मिळत नाही, अजून दुकानात आलेलं नाही. ‘‘चाचणी चालवणाऱ्या कंपनीला मी खरं काय झालं ते कळवते. पुन्हा एकदा संधी द्या म्हणून विनंती करते. पण त्यांच्या हातात आहे, माझ्या नाही.’’

मी परत संशय घेतला, सवय कुठं जाते? मला वाटलं, या विनंती-बिनंती काही करणार नाहीत. आपल्या चाचणीत असा घोळ झाला हे वर कळवून कोण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेईल? पण त्यांनी कळवलं. दोनदा कळवलं. दोन्ही वेळा नाही असंच उत्तर आलं, आणि ते सांगायला त्यांनी स्वतः फोन केला. फोन मी उचलला. त्या म्हणाल्या, ‘‘आजींना द्या.’’ आत्यांनी फोन कानाला लावून ऐकलं, ‘‘बरं बाई’’ म्हणाल्या आणि मला परत दिला. मग उठून त्या पाण्याचा हंडा घासायला बसल्या, जो सकाळीच घासला होता.

ते औषध आत्यांना लागू पडलं असतं का? हे आता कुणाला कधीच कळणार नाही. मला याचा जेवढा त्रास होतो तेवढा त्या गेल्याचाही होत नाही, आणि असं लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे. आत्या गेल्या. केमोनं काही महिने दिले, तेवढेच. लागू पडलं नसतं तर मी मनाला समजावलं असतं. पण औषधाला हरायची संधीसुद्धा मिळाली नाही.

तेव्हा केमोच्या वेळची एक सकाळ सांगते. आम्ही बाकड्यावर बसलो होतो, नंबर यायचा होता. शेजारी पडेगावकडचा एक माणूस, पन्नाशीचा, एकटाच, मांडीवर हॉस्पिटलची पिशवी. पिशवीतून डोकावणारी बाटली मी बघताक्षणी ओळखली. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि माझ्याकडं वाकून हळूच विचारलं, ‘‘ताई, तुम्ही जुन्या दिसता इथं. मला त्या चाचणीत घेतलंय. पण यांचा मला डाऊट येतो. वर्षभर खाल्ली तीच गोळी परत देतायत. चालत नाही म्हणून यांनीच सांगितलं आणि यांनीच परत दिली. काय गेम असंल?’’

मी काही बोलायच्या आत आत्या पुढं झाल्या. केमोनं डोक्यावरचे केस गेले होते, पदर घट्ट ओढून घेतलेला. ‘‘खा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘येकही दिस चुकवू नको. दोन्ही बरूबर चालू पायजेत.’’

‘‘तुमी खाता का मावशी?’’

‘‘नाय. म्या लपवल्या. म्हणून मला काढलं त्यातून.’’

‘‘मंग गुण येतो हे तुमाला काय माहीत?’’

‘‘मला नाय माहीत. मला कधीच कळायचं नाय. म्हणून तर सांगते.’’

तो माणूस आमच्याकडं टक लावून बघायला लागला. ती नजर माझ्या चांगली ओळखीची होती. त्यानं आधी आत्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग मला, मग डॉक्टरांच्या दाराला. आणि पिशवी आमच्यापासून लांबच्या बाजूला सरकवत म्हणाला, ‘‘मावशी, खरं सांगा. तुमाला या हॉस्पिटलवाल्यांनीच बसवलंय ना इथं? आमच्यासारख्यांना पटवायला?’’

माझं डोकं सणकलं. मी बोलणार तोच आत्या हसायला लागल्या. खूप दिवसांनी हसल्या, अगदी खांदे हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि त्या हसण्यातून खोकला उठला. तो थांबेना. त्या पुढं वाकल्या, मी पाठ धरली, त्यांनी पदर तोंडाला लावला. खोकला थांबला तेव्हा पदराला लाल डाग होता. त्यांनी तो मुठीत दाबून धरला, पण त्या माणसानं बघितला होता.

त्यानं आपली पाण्याची बाटली उघडून आत्यांच्या हातात दिली. त्या प्यायल्या. तो तिथंच त्यांच्या समोर, फरशीवर उकिडवा बसला. मग पिशवीतून गोळ्यांची बाटली काढून त्यानं हातात धरली आणि विचारलं, ‘‘मावशी, आत्ता खाऊ का?’’

आत्यांना अजून धाप लागली होती. त्यांनी डॉक्टरांच्या बंद दाराकडं बोट केलं.

‘‘तिला इचार,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आन कळंस्तवर उठू नको.’’